वीरगळ कोणाचा आणि नाव कोणाचे?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, परभणी जिल्ह्यात मारुतीच्या पारापाशी अगर वेशीत जो उभा कोरीव दगड शेंदूर फासून पुजला जातो, अगर ज्यावर धुणे आपटले जाते, तो देव नव्हे व धोंडाही नव्हे. तो वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या गावकऱ्याचे स्मारक! तळाच्या चौकटीत लढाई, पुष्कळ ठिकाणी शेजारी गाईगुरे. मध्ये वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा. वरती तो शिवलिंग पूजीत आहे. (कित्येक दगडांवर तेथेही पूजा सांगणारा बाजूस बसलेला आहेच. स्वर्गातही दक्षिणा सुटली नाही!) गुरे सोडविताना मेला तो कोण? ज्याच्या गोठ्यात गुरे, तोच.

बहुतेक दगडांवर त्याचे नाव नाही. घडविणाऱ्या पाथरवटाचेही नाही. चारठाण्याचा उंच स्तंभ पाहा, धारासूरचे गुप्तेश्वराचे देऊळ पाहा. पढविलेला शब्द एकच, ‘हेमाडपंती’. हा हेमाडपंत तेराव्या शतकातला यादवांचा कारभारी. मग अंबरनाथचे देऊळ १०६० साली कोणी उभारले? दोनशे वर्षांनी आलेल्या कारभाऱ्याने काय? छिन्नी पाथरवटाची, घाम वडाराचा, नाव पंताचे! परक्या इंग्रजाने १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरली. आपल्यांना तेवढेही सुचले नाही.

आता जीर्णोद्धाराच्या वर्गणीतून देवळास चकचकीत फरशी बसते आणि वीरगळ ओट्याच्या भरावात जातो. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: दगड उचलून चौथऱ्यावर उभा करावा, त्यास सिमेंट व ऑईलपेंट लावू नये, पंचायतीच्या दप्तरी त्याची नोंद व्हावी. फरशी मागणारे पुष्कळ आहेत.