अंथरूण सोडा, पण बेताने

घरात कुणाला कर्करोगाचे निदान झाले की सारे घर त्या माणसाभोवती गोळा होते. ‘तुम्ही उठू नका, हवे ते हातात आणून देतो,’ असे म्हणत त्याची रोजची कामे एकेक करून काढून घेतली जातात. यामागे माया असते, यात शंका नाही. पण दिवसचे दिवस पडून राहिल्याने स्नायू झिजतात, बद्धकोष्ठता वाढते आणि जो थकवा घालवायचा, तोच बळावतो. केमोथेरपी किंवा रेडिएशनच्या काळातला थकवा नुसत्या झोपेने जात नाही. थोडीशी हालचाल केल्याने मात्र तो कमी होतो. म्हणूनच अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये, रोग बरा करण्यासाठी उपचार चालू असतानाही नियमित व्यायाम करावा, अशी शिफारस केली. अर्थात व्यायाम हा औषधांना पर्याय नव्हे.

सुरुवात कशी करावी? आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मग सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे गच्चीवर किंवा अंगणात चालावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपतच वेग असावा. झेपेल तसे वाढवत आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत जावे. भक्कम खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे हाही पायांना चांगला व्यायाम आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. केमोनंतरचे पहिले काही दिवस अंगात त्राण नसते. तेव्हा खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या मारल्या तरी पुरे.

काही पथ्ये मात्र पाळायलाच हवीत. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाल्यास व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखणे, चक्कर, एकाएकी धाप लागणे किंवा रक्तस्राव झाल्यासही तसेच करावे. रोग हाडांत पसरला असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर विचारल्याशिवाय कोणताही व्यायाम करू नये. पायांना मुंग्या येत असतील, तर पायात नीट बसणारे बूट घालावेत आणि कुणीतरी सोबत असावे.

ही सोबत घरच्यांनीच करावी. रुग्णाची भाजी निवडण्याची, कुंड्यांना पाणी घालण्याची कामे त्याच्याकडेच राहू द्यावीत. ‘पडून राहा’ म्हणण्यापेक्षा ‘चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणावे. त्यातही मायाच आहे, आणि ती रुग्णाला त्याच्या पायांवर उभे ठेवते.