जुना संगणक जुना कोण ठरवतो?

संगणक घेऊन दुकानाची पायरी उतरलो की त्याची किंमत निम्मी होते, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. सोने वाढते, जमीन वाढते आणि संगणक मात्र नवे मॉडेल आले की भंगारात जमा होतो, असे आपण धरून चालतो. हा समज अर्धाच खरा आहे. डेस्कटॉप संगणक झिजतो कमी आणि जुना ठरवला जातो जास्त. म्हणून तो जुना कोण ठरवतो, हा प्रश्न विचारायला हवा.

पहिली ठरवणारी म्हणजे हिशेबाची वही. आयकराच्या नियमांनुसार संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरता येतो. म्हणजे ५०,००० रुपयांचा संगणक वहीत पहिल्या वर्षाअखेर ३०,००० चा, दुसऱ्या वर्षी १८,००० चा आणि तिसऱ्या वर्षी १०,८०० रुपयांचा राहतो. कंपनी कायद्याच्या अनुसूचीतही डेस्कटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षांचेच धरले आहे. म्हणून मोठ्या कंपन्या काही वर्षांनी चांगली चालणारी यंत्रे लॉटने काढून टाकतात. तीच पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या, दिल्लीच्या नेहरू प्लेससारख्या बाजारांत येतात आणि तिथून झेरॉक्सच्या दुकानात, टायपिंगच्या वर्गात, पहिल्यांदा संगणक घेणाऱ्या घरात पोहोचतात. वहीत जे संपले, ते इथे सुरू होते.

दुसरा ठरवणारा बाजार. तो वहीपेक्षा जास्त प्रामाणिक आहे, कारण तो कामाचे मोल करतो. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल असा अंदाज मांडला आणि १९७५ मध्ये तो कालावधी दोन वर्षांचा केला. ४८६ आणि पेंटियमच्या काळात या वाढीचा वेग घरबसल्या जाणवत असे. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या यंत्रावर नवे काम खरोखरच होत नसे, त्यामुळे किंमत कोसळणे रास्त होते. आज तसे नाही. पत्र टाइप करणे, हिशेब ठेवणे, ऑनलाइन अर्ज भरणे, मुलांचा अभ्यास या कामांना आठ वर्षांपूर्वीचा डेस्कटॉपही पुरतो. त्यात एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली की तो नव्यासारखा पळतो.

डेस्कटॉपचा आणखी एक गुण असा की तो सुटा होतो. कॅबिनेटचे चार स्क्रू काढले की रॅम, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क वेगळे होतात आणि प्रत्येकाला आपापला भाव असतो. गरज वाढली की हा भाव वरही जातो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आल्या, तेव्हा जुन्या यंत्रांना एकाएकी गिऱ्हाईक मिळाले. २०२१ मध्ये क्रिप्टो चलनाच्या हव्यासापायी वापरलेली ग्राफिक्स कार्डे मूळ किमतीहून महाग विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि कार्डांची ती मागणी संपली. कार्ड तेच होते, बदलली ती गरज.

तिसरा ठरवणारा मात्र बाजारात दिसत नाही. तो म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आले. त्याने टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अशी अट घातली. या अटीचा अर्थ एका उदाहरणातून पाहा. जानेवारी २०१७ चा कोअर आय-५ ७५०० आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला कोअर आय-३ ८१००. दोन्ही चार कोअरचे, दोन्हींचा वेग जवळपास सारखा. पण स्वस्तातला आय-३ नव्या विंडोजला चालतो आणि आय-५ चालत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. त्या दिवशी आय-५ चा एकही भाग बिघडला नव्हता, तरी त्याला ‘मुदत संपलेला’ हा शिक्का बसला.

यावर सुरक्षेचे उत्तर दिले जाते आणि ते खोटे नाही. अपडेट नसलेले यंत्र इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचेच आहे. सगळेच जुने जपावे असेही नाही. वीस वर्षांपूर्वीचा पेंटियम ४ आज कामापेक्षा वीजच जास्त खातो. पण सुरक्षेचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न उरतोच. कंपनीने घसारा घेतला, कर वाचवला, यंत्र विकले. दुकानदाराने नफा घेतला. नुकसान येते शेवटच्या खरेदीदाराच्या वाट्याला, आणि हा खरेदीदार बहुधा तोच असतो ज्याच्याकडे दुसरे यंत्र घ्यायला पैसे नाहीत. त्याच्या हातचे यंत्र अकाली भंगारात गेले, तर त्याच्या तारा जाळून, बोर्ड आम्लात बुडवून तांबे काढणारे हातही गरिबांचेच असतात.

उपाय अशक्य नाहीत. औषधाच्या पाकिटावर जशी मुदत छापतात, तशी संगणकाच्या खोक्यावर ‘अमुक वर्षापर्यंत अपडेट मिळतील’ अशी हमी छापली पाहिजे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून स्मार्टफोनसाठी विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेटची अट घातली आहे. तशी अट आपल्याकडे संगणकाला का नसावी? सरकार स्वतः मोठे गिऱ्हाईक आहे, त्यामुळे निविदेत ही अट घालून सुरुवात करता येईल. दुसरा मार्ग लिनक्सचा. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. मराठी टायपिंग, कार्यालयीन कामे, इंटरनेट हे सारे त्यावर होते आणि विंडोजने नाकारलेला आय-५ तिथे सुखाने नांदतो. आपल्या शाळा आणि वाचनालयांना हा मार्ग कोणी अडवलेला नाही.

आणि आपण गिऱ्हाईक म्हणूनही शहाणे व्हायला हवे. जुना डेस्कटॉप घेताना कॅबिनेटची चमक पाहू नका, प्रोसेसरची पिढी विचारा. विकताना ‘नवे मॉडेल आले’ एवढ्या एका वाक्यावर भाव पाडू देऊ नका. नवे मॉडेल दरवर्षी येणारच. आपल्या यंत्राने अजून किती वर्षे काम करावे, हे मात्र त्याच्या मालकाने ठरवायचे आहे.