वीस मिनिटांची टीचर

वीस मिनिटं म्हणजे किती? एक लांबलेला कॉफी ब्रेक. किंवा ऑर्डर केलेला पिझ्झा येईपर्यंतची उपासमार. तेवढ्या वेळात एखादी फिल्म आपली पार विकेट काढू शकते यावर विश्वास नसेल, तर ‘द सायलेंट चाइल्ड’ बघाच. २०१७ची ब्रिटिश शॉर्ट फिल्म, २०१८मध्ये ऑस्कर मिळालेली. (शेवटाबद्दल बोलणार आहे. आधी फिल्म बघायची असेल त्यांनी सरळ पान उलटा!)

लिबी चार वर्षांची. तिला अजिबात ऐकू येत नाही. घर खातंपितं, आईबाबा आणि मोठी भावंडं आपापल्या घाईत. सगळे बोलतात, ही नुसती बघते. अशा पोरीला आपल्याकडे काय म्हणतात? घुमी. ‘आपल्याच जगात असते हो!’ शाळा सुरू होण्याआधी तिची तयारी करून घ्यायला जोॲन नावाची सोशल वर्कर येते. जोॲनला कळतं, लिबीशी तिला समजेल अशा भाषेत कुणी बोललेलंच नाही. ती साइन लँग्वेज शिकवायला लागते आणि पोरगी बघता बघता खुलते. काय गोड काम केलंय मेसी स्लायने! ती स्वतःही कर्णबधिर.

पण आईला हे नकोय. लिबीने ओठ वाचावेत, तोंडाने बोलावं, चारचौघांसारखं वागावं. झालं!

आता एक करा. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा, पाय, बाय, माय. दिसला काही फरक? ओठ वाचणाऱ्याला दिवसभर हेच कोडं. शिवाय साइन लँग्वेज शिकायची तर मेहनत अख्ख्या घराला करावी लागते. ओठ वाचायचे तर ती एकट्या लिबीने करायची. आईला सोयीचं काय, ते सांगायला नकोच.

तरी आई व्हिलन नाही, बिझी आहे. मला आधी तिचा राग आला, मग स्वतःचा. आमच्या जुन्या ऑफिसात एकीला कमी ऐकू यायचं. कँटीनमध्ये सगळे खो खो हसले की ती विचारायची, “काय झालं?” मी म्हणायचे, “काही नाही गं, नंतर सांगते.” नंतर कधीच सांगितलं नाही.

मधेच आजीच्या तोंडून एक कौटुंबिक गौप्यस्फोट होतो. तो अगदी सीरियलछाप, नसता तरी चाललं असतं. बाकी फिल्म कुठेही रडारड करत नाही. ती लिहिली रेचल शेंटनने, जोॲनही तीच झालीय. ती बारा वर्षांची असताना केमोथेरपीनंतर तिच्या वडिलांची श्रवणशक्ती गेली. दोन वर्षांनी वडीलही गेले. ऑस्करच्या स्टेजवर ती बोलता बोलता हातांनीही बोलत होती, कारण तसं तिने सहा वर्षांच्या मेसीला प्रॉमिस केलं होतं. हात थरथरत होते, तरी पाळलं. ब्रिटिश साइन लँग्वेजला तिथे कायद्याने मान्यता मिळाली ती २०२२ साली. आणि हो, अमेरिकेतली साइन लँग्वेज वेगळीच. इंग्रजी दोघांची, हातांची भाषा मात्र स्वतंत्र, व्याकरणासकट! आपण तिला खाणाखुणा म्हणून मोकळे होतो.

तर शेवट. जोॲनची शिकवणी बंद केली जाते. लिबी शाळेत जाते. मैदानात पोरांचा कल्ला, त्यात ती एकटी. कुंपणाबाहेर जोॲन येऊन उभी राहते. दोघी हातांनी काय बोलतात ते मी इथे लिहिणार नाही. मला त्या भाषेतलं एक अक्षर येत नाही, तरी कळलं.