दाढीला क्रीम की साबण?

‘डॉक्टर, नाजूक त्वचेला दाढीचे क्रीम चांगले की साबण?’ असे बरेचजण विचारतात. माझ्या मते या वादात फारसा अर्थ नाही. ब्रशने फेस होणारे ट्यूबमधले क्रीम हाही बहुधा साबणच असतो. पोटॅशियममुळे तो मऊ राहतो, एवढेच. खरा फरक अंघोळीच्या साबणात आहे. त्याचा फेस चटकन सुकतो आणि पाते कोरड्या कातडीवर ओढले जाते.

त्वचेचा पीएच सुमारे ५, तर साबणाचा ९ ते १० असतो. म्हणून दाढीनंतर चेहरा भरपूर पाण्याने धुवावा. आग होते ती पुष्कळदा सुगंधी द्रव्याने, बोथट पात्याने किंवा उलट्या हाताने केलेल्या दाढीने. पुण्याच्या उपनगरांत जिथे बोअरचे जड पाणी येते, तिथे फेसही नीट होत नाही. दाढीपुरते नळाचे पाणी घ्यावे.

महागडी ट्यूब घेण्याआधी दाढी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवून पाहा. क्रीम बिनवासाचे घ्या, स्पिरिटचे आफ्टरशेव्ह टाळा. सलूनमध्ये नवे पाते आपल्यासमोर लावायला सांगा, कारण वापरलेल्या पात्यातून हिपॅटायटिस बी होऊ शकतो.

आणि पुरळ उठले म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे मलम आणू नका. चार दिवस बरे वाटते. पण वापर लांबला की कातडी पातळ होते. ते नुकसान साबण बदलून भरून येत नाही.