ओट्यामागची तार

स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले की ग्रॅनाइटचा रंग ठरविण्यातच घराचे तीन रविवार जातात. कपाटांची दारे, चिमणी, मसाल्याच्या खणांची मापे यांवर आजोबांपासून शाळकरी नातवापर्यंत प्रत्येकाचे मत पडते. विजेच्या तारेवर मात्र कोणाचेच मत नसते. ती वायरमनने आणावी, गवंड्याने बुजवावी आणि वर टाइल बसली की सर्वांनी विसरावी, असा रिवाज पडला आहे. वास्तविक या साऱ्या सामानापैकी कोणाचाही हात न लागता वर्षानुवर्षे काम करावयाचे असते ते त्या तारेलाच. दार बदलता येते, चिमणी बदलता येते. टाइलमागची तार बदलावयाची तर भिंत फोडावी लागते.

गॅसच्या शेगडीवर सारे भागत होते तोवर ही बेफिकिरी खपून गेली. मिक्सर, फ्रीज, पाण्याचा फिल्टर ही मंडळी वीज बेतानेच घेतात. भिंतीत बसविलेला ओव्हन आणि ओट्यात बसविलेला चार चुलींचा इंडक्शन हॉब यांची गोष्ट निराळी आहे. चार चुलींच्या हॉबच्या तळाशी लावलेल्या पट्टीवर सामान्यतः सात किलोवॅटच्या आसपासचा आकडा असतो. ७.२ किलोवॅट धरले आणि २३० व्होल्टने भागले, तर ३१ अँपिअर येतात. ओव्हन ३ किलोवॅटचा असेल तर त्याचे आणखी १३. म्हणजे दोन्ही उपकरणे पूर्ण जोराने चालली तर एकट्या ओट्याचे ४४ अँपिअर झाले. २ किलोवॅटच्या गीझरचे ९ आणि एका एअर कंडिशनरचे ७ मिळविले की बेरीज ६० वर जाते. भिंतीवरचा नेहमीचा पॉवर सॉकेट १६ अँपिअरचा असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ लागतो.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ नावाचा एक रकाना असतो. देय रक्कम व अंतिम तारीख पाहून बिल बाजूला ठेवणाऱ्यांच्या नजरेतून तो बहुधा सुटतो. व्यापाऱ्याला तो समजावून सांगावा लागू नये, कारण कॅश क्रेडिटच्या मर्यादेसारखीच ती एक मर्यादा आहे. मंजूर भार ५ किलोवॅट असेल तर त्याचे २२ अँपिअरसुद्धा पुरे होत नाहीत, म्हणजे एकटा हॉबच मर्यादा ओलांडतो. फरक इतकाच की मर्यादेबाहेरचा धनादेश बँक परत करते; तार काही परत करीत नाही, ती तापते. म्हणून हॉबची मागणी नोंदविण्यापूर्वी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून घराचा भार मोजून घ्यावा आणि वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा. जुन्या इमारतीत मीटर खोलीपासून वर येणारी केबल वाढीव भार सोसेल की नाही, हेही त्याच वेळी तपासले जाते. ती केबल अपुरी निघाली तर सोसायटीच्या सभेपर्यंत विषय जातो आणि महिने मोडतात. हे काम टाइल निवडण्याच्या आधीचे आहे.

सगळी उपकरणे एकाच वेळी कोठे चालतात, असा आक्षेप येथे हमखास येतो, आणि तो अगदीच निराधार नाही. ब्रिटनमधील वायरिंगच्या प्रचलित मार्गदर्शनात घरगुती कुकरसाठी पहिले १० अँपिअर पूर्ण आणि उरलेल्याचे ३० टक्के धरण्याची रीत आहे. त्या हिशेबाने आपले ४४ अँपिअर २० वर येतात. ओव्हन ठरावीक उष्णतेला पोचला की त्याची कॉइल बंद-चालू होत राहते आणि चारही चुली एकाच वेळी पूर्ण जोरावर क्वचितच असतात, हे त्यामागचे कारण. सरासरी घरासाठी ही रीत योग्यच आहे.

परंतु सूर्यास्तापूर्वी जेवणारे घर या सरासरीत बसत नाही. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. दुकानातून पुरुषमंडळी परतावयाची, मुले शाळेतून यावयाची आणि तेवढ्यात सर्वांची पाने वाढून व्हावयाची. त्यामुळे दीड तासात संपूर्ण घराचा स्वयंपाक उरकावा लागतो. एका चुलीवर कुकर, दुसरीवर तवा, तिसरीवर भाजी, चौथीवर उद्यासाठी उकळावयाचे पाणी आणि ओव्हनमध्ये हांडवो, हे चित्र अशा घरात अपवादाचे नसून रोजचे आहे. पर्युषणानंतर पारण्याच्या सकाळी तर गीझरसुद्धा त्यात सामील होतो आणि घरात पाहुणे असतात. हंगामी व्यापाराला बँक हंगामाची आणि बिगर हंगामाची अशा दोन निराळ्या मर्यादा मंजूर करते. तारेला तशी सोय नाही. तिची जाडी एकदाच ठरते, आणि ती हंगामाच्या मागणीवरच ठरवावी लागते.

सांगलीतील हळदीचा व्यापार असलेल्या एका कुटुंबाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्यांनी दिवाळीपूर्वी ओटा नवा केला, हॉब बसविला आणि भिंतीत आधीपासून असलेल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेलाच तो जोडून घेतला. त्या तारेवर २० अँपिअरचा एमसीबी होता. दुपारी एक-दोन चुली चालत तेव्हा काहीच होत नसे. सायंकाळी चारही पेटल्या की काही वेळाने एमसीबी पडे. पोळ्या अर्ध्यावर आणि सूर्य कलतीला, अशा अवस्थेत घरात चिडचिड होणे स्वाभाविकच होते. वायरमनला बोलावले. तो म्हणाला, “अण्णा, काळजी सोडा. बत्तीसचा एमसीबी टाकून देतो, परत पडायचा नाही.” तो खरेच पडला नाही. महिन्याभराने धाकट्या सूनबाईंना सॉकेटजवळच्या टाइलला हात लावताच ती कोमट लागली. “अण्णा, एमसीबी मोठा केला, पण आतली तार तीच आहे ना?” असे त्यांनी विचारले, तेव्हा कोठे फळी उघडली गेली. जोडाजवळच्या तारेचे वेष्टन करपून तडकले होते. नव्या टाइलची एक पूर्ण रांग फोडून दुसरी तार ओढावी लागली.

एमसीबी उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, हा समज फार पसरलेला आहे. त्याचे पहिले काम तारेचे रक्षण हे आहे. ठरलेल्या प्रवाहाच्या १.१३ पटीपर्यंत तो पडत नाही, आणि १.४५ पटीलासुद्धा पडावयास त्याला एक तासापर्यंत मुभा असते. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर दिवसभर निमूटपणे जाऊ देतो. शिवाय तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. २० अँपिअरची तार ३१ अँपिअर वाहू लागली की उष्णता दीडपट न होता जवळजवळ अडीचपट होते. साध्या पीव्हीसी वेष्टनाची सहनशीलता ७० अंश सेल्सियसची. एमसीबी पडणे ही तक्रार असते; तिचे तोंड बंद करणाऱ्या कारागिराला पैसे देऊ नयेत.

म्हणून हॉबला वितरण पेटीपासून थेट येणारी, वाटेत कोठेही न फुटणारी स्वतंत्र तार असावी. ३२ अँपिअरच्या एमसीबीसाठी तांब्याची किमान ६ चौरस मिलिमीटर, आणि अंतर मोठे असेल किंवा एकाच पाइपातून इतर भारी तारा जात असतील तर १०. ओव्हनला निराळी ४ चौरस मिलिमीटरची तार आणि १६ अँपिअरचा सॉकेट. हॉबला सॉकेट लावूच नये. फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा ३२ अँपिअरचा स्विच लावून तार कायमची जोडावी. हा स्विच हॉबच्या वर नसावा, कारण तेल उडाले तर त्यावरून हात नेता येत नाही. ओव्हनचा सॉकेट त्याच्या थेट पाठीमागे न ठेवता शेजारच्या कपाटात द्यावा, म्हणजे ओव्हन भिंतीला टेकून बसतो आणि प्लग काढण्यासाठी सुतार बोलवावा लागत नाही. घरात थ्री-फेज जोडणी असेल तर बरेच हॉब दोन फेजवर विभागून जोडता येतात. भार वाढवून मिळत नसेल तर काही हॉबना एकूण वीज ठरावीक मर्यादेत रोखण्याची सोय असते. खरेदीपूर्वी दुकानदाराला ती अवश्य विचारावी. मग चारही चुली पूर्ण जोरावर मिळणार नाहीत, हे मात्र स्वयंपाक करणाऱ्यांना आधी सांगावे.

अर्थिंगबाबत तडजोड नाही. हॉब व ओव्हन दोन्ही धातूचे, आणि त्यांच्याशी काम करणारे हात बहुतेक वेळा ओले. शरीरातून जाणारा घातक प्रवाह एमसीबीच्या गावीही नसतो. तो ओळखण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. पावसाळ्यात महिना-दोन महिने न वापरलेला ओव्हन सुरू करताच कधी कधी हा आरसीसीबी पडतो. ओव्हनच्या कॉइलमधील पूड हवेतील ओल शोषते आणि थोडा प्रवाह जमिनीकडे गळतो, म्हणून हे घडते. अशा वेळी आरसीसीबी वगळून जोडणी करून देणारे महाभाग आहेत. त्यांना दारातूनच परत पाठवावे. जाणकाराकडून कॉइल तपासून सुकवून घ्यावी, आणि तरीही गळती थांबली नाही तर ती बदलावी.

टाइल बसण्यापूर्वी दोन कामे उरतात. पहिले, ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक तारेची चाचणी घेऊन आकडा कागदावर लिहून घेणे. नव्या तारेचे माप एक मेगओहमच्या पुष्कळ वर यावयास हवे. दुसरे, उघड्या भिंतीची मोजपट्टीसह छायाचित्रे काढणे. पाइप सरळ उभे-आडवेच गेले असले पाहिजेत, तिरपे नव्हेत, म्हणजे पुढे खुंटी ठोकताना त्यांचा अंदाज येतो. चाचणीचा कागद, कंत्राटदाराचे बिल आणि ही छायाचित्रे घराच्या विमा पॉलिसीसोबत ठेवावीत. २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत आगीचे नुकसान भरून मिळते. परंतु शॉर्ट सर्किटने जे उपकरण स्वतःच जळाले त्याची भरपाई मूळ संरक्षणात येत नाही. त्या उपकरणापासून आग पसरून झालेले नुकसान येते. दाव्याच्या वेळी सर्वेक्षक जोडणी कोणी केली होती हे विचारतो, आणि तेव्हा परवानाधारकाचे बिल हाताशी असलेले बरे.