प्रमाण कोणते, प्रक्षिप्त कोणते?

पुष्कळ वर्षे चालत आलेल्या भयप्रधान व्हिडिओ गेमच्या मालिकांभोवती एक वाद कायम धुमसत असतो: या सगळ्या पसाऱ्यातले खरे काय धरायचे? इंग्रजीत याला कॅनन म्हणतात. ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या चर्चेतून आलेला हा भारदस्त शब्द खेळांना लावलेला पाहून काहींना हसू येते. आम्हाला येत नाही. ‘प्रमाण’ आणि ‘प्रक्षिप्त’ या दोन शब्दांवरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली आहेत, आणि आपल्याला प्रिय झालेली गोष्ट शेवटी कोणाची, हाच प्रश्न त्यांच्याही तळाशी होता. नागपूरच्या दक्षिण टोकाला, आमच्या बेसा भागात, कॉलेजात जाणारी मुले ‘सायलेंट हिल’वरून ज्या त्वेषाने एकमेकांना खोडून काढतात तो पाहिला, की तुकोबांचे अस्सल अभंग किती यावर हमरीतुमरीवर येणारी जुनी मंडळी आठवतात.

जपानमधील कोनामी कंपनीचा ‘सायलेंट हिल’ १९९९ साली आला. धुक्याने वेढलेल्या एका अमेरिकी गावात हॅरी मेसन नावाचा बाप आपल्या हरवलेल्या मुलीला शोधत फिरतो, एवढीच त्याची गोष्ट. खेळणाऱ्याने वाटेत काय केले आणि काय राहू दिले यावर तिचे चार वेगवेगळे शेवट होतात. (पाचवा शेवट उडत्या तबकडीचा आहे, तो निव्वळ थट्टेसाठी.) सर्वांत वाईट शेवटात हॅरी आपल्या अपघातग्रस्त गाडीत मरून पडलेला दिसतो. पुढे २००३ साली तिसरा भाग आला. त्याची नायिका हेदर ही हॅरीनेच लहानाची मोठी केलेली मुलगी. म्हणजे हॅरी जगला होता तर! ज्याच्या हातून तो गाडीत मेला होता, त्याला चार वर्षांनी कळले की आपण पाहिले ते झालेच नव्हते. यात आम्हाला अन्याय दिसत नाही. उत्तरकथेला कोणत्या तरी एका पायावर उभे राहावेच लागते, आणि जिथे निवड कथेच्या गरजेपोटी होते तिथे ती समजून घेता येते.

खरी अडचण दुसऱ्या भागापाशी आहे, आणि आमच्या मते या संपूर्ण मालिकेचे मोठेपणही तिथेच आहे. ‘सायलेंट हिल २’ हा २००१ सालचा. तीन वर्षांपूर्वी वारलेल्या पत्नीचे पत्र हाती पडते आणि जेम्स संडरलंड तिच्या शोधात त्या गावी येतो. याही खेळाला अनेक शेवट आहेत; पण ‘हे की ते’ असे त्यात कोणी विचारत नाही. खेळणारा कसा वागतो याची खेळ गुपचूप नोंद ठेवतो. जखमी झाल्यावर जेम्सला तो लगेच औषध देतो की तसाच रक्तबंबाळ फिरवतो. अँजेला या तरुणीने स्वाधीन केलेला सुरा काढून निरखतो का. पत्नीचे पत्र आणि छायाचित्र पुन्हा पुन्हा पाहतो का. पत्नीसारख्याच दिसणाऱ्या मारियाच्या जवळ घोटाळतो का. जो स्वतःच्या जिवाबद्दल बेफिकीर राहिला त्याचा जेम्स तळ्यात बुडून जीव देतो. जो सावरत राहिला त्याचा जेम्स गाव सोडून जातो. शेवट म्हणजे खेळणाऱ्याने नकळत दिलेली साक्ष. यातली अधिकृत साक्ष कोणती, असे विचारणे म्हणजे दहा साक्षीदारांपैकी नऊ जणांना घरी पाठवणे होय. मूळ कर्त्यांना याची जाण असावी. २००४ सालच्या चौथ्या भागात जेम्सचे वडील भेटतात. आपला मुलगा आणि सून त्या गावी जाऊन नाहीसे झाले, एवढेच ते बोलतात. जेम्स मेला की कुठे निघून गेला, हे ते सांगत नाहीत. हा संयम आम्हाला फार मोलाचा वाटतो.

मग प्रक्षिप्त असे काही नाहीच का? आहे. दुसऱ्या भागात पिरॅमिड हेड नावाचा एक लोखंडी शिरस्त्राणधारी जल्लाद येतो. तो गावचा रहिवासी नव्हे. शिक्षा मिळावी या जेम्सच्या गरजेतून तो उभा राहिलेला आहे. जेम्स नसेल तर त्यालाही कारण उरत नाही. तरीही २००६ सालच्या चित्रपटात तो आला, आणि २००८ साली दुसऱ्याच चमूने केलेल्या ‘होमकमिंग’मध्ये, निराळ्याच नायकाच्या गोष्टीत, पुन्हा हजर झाला. लोकप्रिय आहे म्हणून आणला, याहून दुसरे कारण दिसत नाही. त्याचे चित्र रेखणारे मासाहिरो इतो यांनीही या सरसकट वापराबद्दलची नाराजी लपवलेली नाही. इथे आमची कसोटी स्पष्ट आहे. दुसऱ्याने लिहिले म्हणून ते प्रक्षिप्त ठरत नाही. ज्या कारणाने ती वस्तू जन्मली ते कारणच विसरले, म्हणून ठरते. ‘होमकमिंग’वर कंपनीचा शिक्का आहे, पण शिक्का मालकी सांगतो, आणि मालकी व प्रामाण्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या बाबतीत विदर्भाच्या मातीत एक उदाहरण पडलेले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडून विचारून, पडताळून लिहून घेतल्या. तेच ‘लीळाचरित्र’. पुढे आक्रमणांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. सगळ्यांचे स्मरण अर्थातच सारखे नव्हते. तेव्हा त्यांनी जे केले त्याचे आम्हाला आजही आश्चर्य वाटते: न जुळणाऱ्या आठवणी गाळून टाकण्याऐवजी त्यांनी त्या सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवल्या. हिराइसेची वासना अशी, परशरामबासांची वासना तशी. वासना म्हणजे इथे आठवणीतला पाठ. नागपूरच्या वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आणि १९७८ साली प्रसिद्ध झालेली आवृत्ती चाळताना हे पाठभेद जागोजागी भेटतात. श्रद्धेचा ग्रंथ असूनही त्याने मतभेदाला घरात जागा दिली. दुसरी वाट एकनाथांची. त्यांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे तीत कोणी आपली भर घालू नये अशी ताकीद दिली. तीही वाट थोर आहे. पण तिला एकनाथांचा अधिकार आणि एकनाथांची निष्ठा लागते. ती कंपनीच्या जाहिरात विभागाकडून कशी अपेक्षावी?

पोथी आणि करमणुकीचा खेळ यांची तुलना काहींना खटकेल. आम्ही पावित्र्याची तुलना करीत नाही, जपणुकीच्या रीतीची करीत आहोत. आणि जपणुकीचा प्रश्न इथे अगदी खराखुरा आहे. २०१२ साली दुसरा आणि तिसरा भाग नव्या यंत्रांसाठी एकत्र काढायचे ठरले, तेव्हा पूर्ण झालेल्या खेळांची मूळ संहिता कंपनीकडे जपलेलीच नव्हती असे आढळले. अर्धवट अवस्थेतल्या मसुद्यावरून काम भागवावे लागले. परिणाम असा, की धुके विरळ झाले आणि ज्या रिकाम्या कडा झाकायला ते होते त्या उघड्या पडल्या. आवाजही नव्याने ध्वनिमुद्रित केले गेले. या प्रतीवर अधिकृततेचा शिक्का होता, आणि तरीही ती भ्रष्ट प्रत होती. संगणकासाठी निघालेल्या जुन्या आवृत्तीची डागडुजी मात्र हौशी चाहत्यांनी वर्षानुवर्षे फुकट केली. हिराइसेचे वारस शोधायचे तर ते त्यांच्यात शोधावेत.

पोलंडच्या ब्लूबर टीमने २०२४ साली दुसरा भाग नव्याने घडवला. काम नेकीचे आहे, त्यात दोन नवे शेवटही घातले आहेत. त्याला आमचा विरोध नाही. तीही एक वासना. मात्र नवी प्रत निघाली म्हणून जुनी दुकानातून दिसेनाशी राहावी आणि पुढच्या पिढीने नवीलाच मूळ समजावे, हे आम्हाला मान्य नाही. २००१ची, २०१२ची आणि २०२४ची प्रत शेजारी शेजारी विकत मिळाली पाहिजे, भ्रष्ट प्रतसुद्धा.

हे अतिरेकी वाटत असेल तर ‘पी. टी.’ची हकिकत पाहावी. २०१४च्या ऑगस्टमध्ये हिदेओ कोजिमा यांनी एक छोटा नमुना-खेळ फुकट उपलब्ध करून दिला: घरातला एक काटकोनात वळणारा बोळ, दारातून बाहेर पडावे तर पुन्हा तोच बोळ. पुढच्या वर्षी मूळ प्रकल्प रद्द झाला आणि कंपनीने हा नमुनाही दुकानातून काढून टाकला. ज्यांनी आधी उतरवून घेतला होता त्यांनाही तो पुन्हा घेता येईना. त्यानंतरच्या कितीतरी भयखेळांत तो बोळ डोकावतो, पण मूळ बोळात फिरायचे तर ज्याच्या जुन्या यंत्रात तो तसाच राहून गेला आहे असा कोणी गाठावा लागतो. एका मुलाने तो नव्याने जसाच्या तसा बांधून लोकांना खुला केला होता. २०१८ साली कंपनीच्या सांगण्यावरून त्याला तो मागे घ्यावा लागला.