अंगावरून गेलेले वारे

‘त्यांच्या अंगावरून वारे गेले,’ असे आपल्याकडे अजूनही म्हणतात. शब्दप्रयोग मोठा देखणा. पण वाऱ्यावर आळ घेतला की घरातले हात आपोआप अभ्यंगाच्या तेलाकडे वळतात आणि मोलाचे तास मालिश करण्यात जातात. वारे बिचारे निरपराध! मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, म्हणून अर्धे अंग लुळे पडते.

तुंबते म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अरुंद झालेली नळी येते. पण वाहिनी प्रमाणाबाहेर रुंद झाली तरीही घात होतो. या विकाराचे नाव डोलिकोएक्टेशिया. वाचकहो, दचकू नका. नाव आपल्या नात्यातलेच आहे. ग्रीकांचा ‘डोलिकोस’ हा आपल्या ‘दीर्घ’चा भाऊ, आणि ‘एक्टासिस’च्या पोटात आपल्या ‘तन्’ धातूचे भावंड आहे. गवयाची तान निघाली तोच हा ‘तन्’. लांबलेली आणि ताणलेली, एवढाच अर्थ.

मेंदूच्या देठाला लागून बॅसिलर नावाची धमनी वर चढते. तिची रुंदी साधारण ३ ते ४ मिलिमीटर, ४.५ च्या पुढे गेली की ती फुगली असे डॉक्टर मानतात. तिच्या भिंतीतला लवचिक पडदा विरतो, वर्षानुवर्षे चढ्या रक्तदाबाचे धक्के बसतात, आणि धुऊन धुऊन सैल पडलेल्या मोज्यासारखी ती रुंद, लांब, वेडीवाकडी होते. पात्र पसरले की नदीची धार मंदावते, गाळ बसतो. इथे रक्ताची गुठळी धरते. शिवाय तिला फुटलेल्या केसासारख्या बारीक फांद्या ओढल्या जाऊन त्यांची तोंडे मिटतात. क्वचित ती फुटतेही. कित्येकांना मात्र काहीच होत नाही. भलत्याच कारणासाठी काढलेल्या एम.आर.आय.मध्ये ती अवचित दिसते.

तिला पूर्ववत करणारे औषध नाही. गुठळी टाळण्यासाठी औषध द्यावे, तर रक्तस्रावाचे भय, डॉक्टरांची कसरतच! आपल्या हाती राहतो तो रक्तदाब, आणि ओठांतली सिगारेट.

तोंड वाकडे झाले, हात गळाला, जीभ अडखळू लागली, तर घड्याळ पाहून तडक इस्पितळ गाठावे. बॅसिलरच्या बाबतीत एकाचे दोन दिसणे, चालताना एकाएकी तोल जाणे, हीही लक्षणे असतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि तेही स्कॅन काढून, रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर.